गोल करणारा राईट बॅक : फिल नीलची कारकीर्द कशी पाहावी

प्रश्न एका सतरा वर्षांच्या राईट बॅकचा, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूचा आहे आणि त्याचे तीन भाग आहेत. फुल-बॅकने, म्हणजे डावी किंवा उजवी कड सांभाळणाऱ्या बचावपटूने, गोल करण्याची इच्छा धरली तर त्याच्या मूळ कामात, म्हणजे बचावात, ढिलाई येते का? इंग्लिश फुटबॉलमधील कोणत्या फुल-बॅकची कारकीर्द नीट अभ्यासावी? आणि संघात पेनल्टी, म्हणजे गोलसमोर बारा यार्डांवरून मारायचा मोकळा फटका, नेहमी आघाडीच्या खेळाडूलाच दिली जात असेल, तर बचावपटूने ती मागून घ्यावी का?

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ बचावपटूंना शिकवीत आलो आहे आणि या तिन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून माझ्या मनात पहिल्यापासून एकच नाव आहे, ते म्हणजे लिव्हरपूलच्या फिल नीलचे. आजच्या मुलांना ते फारसे ठाऊक नसते. नील मैदानावर डोळ्यांत भरणारा खेळाडू नव्हता, त्याच्या नावावर एखादी प्रसिद्ध फसवी चाल नाही, आणि त्याच्या काळातील सामन्यांचे चित्रण आज सहज नजरेस पडत नाही. पण आकडे पाहा. लिव्हरपूलसाठी ६५० सामने आणि ५९ गोल, म्हणजे साधारण दर अकरा सामन्यांमागे एक. इंग्लंडसाठी ५० सामने आणि ५ गोल. युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, पाच अंतिम सामन्यांत तो खेळला, त्यांपैकी चार जिंकला आणि दोन अंतिम सामन्यांत त्याने गोल केला. चारही विजयांत सहभागी असलेला लिव्हरपूलचा त्या काळातील तो एकमेव खेळाडू. हे सारे एका राईट बॅकचे आकडे आहेत.

नीलचा जन्म २० फेब्रुवारी १९५१ रोजी नॉर्दम्प्टनशर परगण्यातील अर्चेस्टर या गावी झाला. मोठ्या क्लबांच्या नजरेत तो लहानपणी आला नाही. नॉर्दम्प्टन टाउन या खालच्या विभागातील क्लबकडून तो १९६८ ते १९७४ अशी सहा वर्षे खेळला आणि तेथे त्याला गरजेनुसार निरनिराळ्या जागी उभे केले जाई. या सहा वर्षांना मी फार महत्त्व देतो. ज्याने मधल्या फळीत खेळून पाहिले आहे त्याला फुल-बॅकच्या जागेवरून संपूर्ण मैदान वेगळे दिसते. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच पुढचा पास कोठे जायला हवा हे त्याला कळलेले असते. ऑक्टोबर १९७४ मध्ये लिव्हरपूलने त्याला ६६,००० पौंडांना विकत घेतले. बिल शँकली नुकतेच निवृत्त झाले होते, बॉब पेझली नवे व्यवस्थापक झाले होते आणि नील ही त्यांची पहिली खरेदी होती. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी आपली निवड झाली नाही म्हणून खचून जाणाऱ्या मुलांना मी हे वय मुद्दाम सांगतो.

त्याचा पहिला सामना १६ नोव्हेंबर १९७४ रोजी, तोही एव्हर्टनविरुद्ध, त्यांच्याच गुडिसन पार्कवर. त्या सकाळी त्याला राखीव संघाकडून खेळायचे आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात दोन्ही क्लबांच्या मैदानांमधले स्टॅन्ली पार्क ओलांडून, हातात बूट घेऊन, गर्दीतून चालत जाऊन तो डर्बी, म्हणजे एकाच शहरातील दोन क्लबांमधला, सामना खेळायला उभा राहिला, अशी आठवण सांगितली जाते. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बचावपटूच्या पदार्पणासाठी याहून चांगला निकाल मी तरी मागणार नाही. उजव्या पायाचा असूनही आरंभी तो लेफ्ट बॅक म्हणून खेळला. जोई जोन्सने डावी बाजू सांभाळायला घेतल्यावर तो उजवीकडे आला आणि पुढे दोन क्रमांकाची जर्सी आणि नील यांची फारकत क्वचितच झाली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २३ ऑक्टोबर १९७६ ते २४ सप्टेंबर १९८३ या काळात नील लिव्हरपूलसाठी सलग ४१७ सामने खेळला. जवळजवळ सात वर्षे, दर वर्षी सरासरी साठ सामने, आणि त्यांत लीग, एफए कप, लीग कप व युरोपातील स्पर्धा सारे काही आले. या आकड्याचे वजन समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. इंग्लिश लीगमध्ये तेव्हा एका सामन्यात एकच बदली खेळाडू घेता येत असे, त्यामुळे थोडेफार दुखणाऱ्या बचावपटूला सहसा बदलले जात नसे. हिवाळ्यात मैदाने चिखलाने भरत. मागून केलेल्या टॅकलला आजच्यासारखी तात्काळ शिक्षा नव्हती. फुल-बॅक हा तर विंगरच्या, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूच्या, थेट समोर, मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ, सतत धावून थांबणारा आणि पुन्हा धावणारा खेळाडू. मांडीचे आणि जांघेचे स्नायू तेथेच दगा देतात. अशा जागी सात वर्षे एकही सामना न चुकणे नुसत्या नशिबाने साधत नाही.

ते कशाने साधले असावे, याविषयी माझे मत त्याचा खेळ पाहून बनलेले आहे. नील घसरून टॅकल करणे, म्हणजे जमिनीवर झोकून चेंडू काढून घेणे, शक्य तोवर टाळत असे. विंगर चेंडू घेण्याआधीच तो जागा घेऊन उभा असे, अंग किंचित तिरके ठेवून प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूला वळवी आणि मग त्याची वाट अरुंद करीत नेई. ज्याला जागा आधी कळते त्याला शेवटच्या क्षणी जमिनीवर झोकून देण्याची वेळ कमी येते आणि ज्याला झोकून देण्याची वेळ कमी येते त्याला दुखापतही कमी होते. मुलांना वाटते की टॅकल ही बचावपटूची शान आहे. मी सरावात उलट मोजतो : ज्या सामन्यात माझ्या फुल-बॅकला एकदाही जमिनीवर पडावे लागले नाही, तो सामना तो उत्तम खेळला असे मी त्याच्या वहीत लिहितो.

१९७८-७९ च्या हंगामात लिव्हरपूलने लीगच्या ४२ सामन्यांत अवघे १६ गोल खाल्ले आणि त्यांपैकी स्वतःच्या अ‍ॅनफिल्डवर केवळ ४. गोलमध्ये रे क्लेमन्स, पुढे फिल थॉम्पसन आणि अ‍ॅलन हॅन्सन यांसारखे खेळाडू, आणि उजवीकडे नील. त्याच हंगामात संघाने ८५ गोल केले. म्हणजे प्रश्नाच्या पहिल्या भागाला, पुढे जाणारा फुल-बॅक असल्याने बचाव ढिला होतो का याला, एका संपूर्ण हंगामाने दिलेले उत्तर हे असे आहे. मात्र त्यामागची व्यवस्था समजून घ्यायला हवी. नील पुढे गेला की त्याच्या बाजूचा मधल्या फळीतील खेळाडू, आधी जिमी केस आणि पुढे सॅमी ली, आपली धाव आवरून मागे राही. विरुद्ध बाजूचा फुल-बॅक त्याच वेळी आत सरके, त्यामुळे मागे तिघांची ओळ कायम उभी असे. पुढे जाण्याचा निर्णय नीलचा असला तरी त्याची किंमत चारपाच जणांनी वाटून घेतलेली होती. आपल्या संघात ही वाटणी झालेली नसेल तर ओव्हरलॅप करणारा, म्हणजे कडेने सहकाऱ्याच्या पुढे धावून जाणारा, मुलगा धाडसी नसतो, तो आपल्या सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, एकट्याने दोघांसमोर उभे करीत असतो. अशा वेळी दोष मुलाला देण्यापूर्वी प्रशिक्षकाने स्वतःची आखणी तपासावी.

नीलचे गोल कसे आले हेही स्पष्ट सांगायला हवे. त्यांपैकी बरेचसे पेनल्टीवर आले. काही जण हे ऐकून तोंड वाकडे करतात, जणू पेनल्टीचे गोल हिशेबातून वजा करायला हवेत. मला हा विचार मुळीच पटत नाही. ज्या संघात केव्हिन कीगन आणि पुढे केनी डॅल्ग्लिश यांच्यासारखे आघाडीचे खेळाडू होते, त्या संघाने पेनल्टीचा चेंडू वर्षानुवर्षे एका राईट बॅकच्या हाती का दिला असेल, याचा विचार करावा. दर आठवड्याला जो हजर असतो, ज्याचा खेळ या शनिवारी एक आणि पुढच्या बुधवारी भलताच असा होत नाही, ज्याच्या चेहऱ्यावरून स्कोअर ओळखता येत नाही, त्याच्याकडे हे काम जाणे स्वाभाविक आहे. माझे सारे सांगणे या एका गोष्टीभोवती फिरते : नीलची विश्वासार्हता आणि नीलचे गोल या दोन वेगळ्या गुणांच्या याद्या नाहीत. एकच सवय बचावात सलग सामन्यांच्या रूपाने दिसली आणि बारा यार्डांवर गोलच्या रूपाने दिसली.

१९७७ ची युरोपियन कपची वाटचाल यासाठी पाहावी. उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात झुरिकमध्ये लिव्हरपूल आधी पिछाडीवर पडले आणि तरीही ३-१ ने जिंकले. त्या तिनांपैकी दोन गोल नीलचे होते, त्यांतला एक पेनल्टीवर. मग २५ मे रोजी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्धचा अंतिम सामना. चारच दिवस आधी लिव्हरपूल वेम्बलीवर एफए कपची अंतिम लढत मँचेस्टर युनायटेडकडून हरले होते. रोममध्ये लिव्हरपूलच्या टेरी मॅकडरमॉटने पहिला गोल केला, उत्तरार्धाच्या सुरुवातीला केसच्या चुकलेल्या पासवर अ‍ॅलन सिमोन्सेनने बरोबरी साधली, टॉमी स्मिथने हेडरने पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि सामना संपायला सुमारे आठ मिनिटे असताना बेर्टी फोग्ट्सने कीगनला पेनल्टी क्षेत्रात पाडले. स्कोअर २-१. ही पेनल्टी चुकली असती तर उरलेली मिनिटे लिव्हरपूलला फार जड गेली असती. क्लबचा पहिला युरोपियन कप पणाला लागलेला असताना चेंडू ठेवायला गेला तो राईट बॅक. त्याने धाव लांबवली नाही, गोलरक्षकाकडे पाहून मन बदलले नाही, चेंडू कोपऱ्यात मारला आणि सामना ३-१ असा संपला.

सात वर्षांनंतरचा गोल मला त्याहूनही शिकवण्यासारखा वाटतो. ३० मे १९८४, तेच स्टेडियम, आणि या वेळी प्रतिस्पर्धी होता खुद्द रोमा. म्हणजे अंतिम सामना त्यांच्याच घरच्या मैदानावर. १९७७ च्या रोममधील संघापैकी या संघात खेळत असलेला एकटा नील होता आणि त्याचे वय तेहेतीस होते. पहिल्या पंधरा मिनिटांतच क्रेग जॉन्स्टनने उजवीकडून क्रॉस दिला, त्यासाठी झेपावलेला गोलरक्षक तानक्रेडी आणि रॉनी व्हीलन यांची टक्कर झाली, रोमाच्या बचावपटूने घाईत दूर मारलेला चेंडू आपल्याच गोलरक्षकाला लागून परत आला आणि नीलसमोर पडला. त्याने तो जाळ्यात घातला. चित्रण पाहताना बहुतेकांची नजर त्या धडपडीवर खिळते. मी मुलांना चित्रण मागे न्यायला लावतो आणि विचारतो, राईट बॅक तेथे कसा पोहोचला? जॉन्स्टन बाहेरच्या बाजूला असल्याने तेथे ओव्हरलॅपची गरज नव्हती, म्हणून नील आतल्या बाजूने पुढे सरकला. चेंडू त्याच्याकडे येईलच असे काही नव्हते. अशा पन्नास धावांपैकी एकोणपन्नास वाया जातात आणि प्रत्येक वाया गेलेल्या धावेनंतर त्याला साठ यार्ड मागे पळावे लागते. जो हे परतीचे पळणे कंटाळा न करता करतो, त्याच्या वाट्याला पन्नासावी धाव येते.

पुढे रॉबेर्तो प्रुत्सोने बरोबरी साधली आणि सामना पेनल्टी शूटआउटवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींवर, गेला. लिव्हरपूलकडून पहिला गेलेला स्टीव्ह निकॉल चुकला, रोमाच्या कर्णधाराने गोल केला, आणि एकाने मागे असताना, भोवती सारे स्टेडियम विरोधात असताना, दुसरा फटका मारायला नील गेला. तो गोल झाला. त्यानंतर रोमाचे कोन्ती आणि ग्रात्सियानी चुकले, आणि अखेरचा फटका लेफ्ट बॅक अ‍ॅलन केनेडीने मारून कप जिंकला. १९८१ मध्ये पॅरिसला रेआल माद्रिदविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही याच केनेडीचा. लिव्हरपूलच्या या चार विजयांपैकी तिहींत फुल-बॅकचा निर्णायक हात आहे, हे फार कमी वेळा बोलले जाते.

विश्वासार्ह खेळाडूच्याही चुका होतात, आणि त्या लपवून कारकीर्द शिकवू नये. २१ सप्टेंबर १९८३ रोजी वेम्बलीवर डेन्मार्कविरुद्ध युरो १९८४ चा पात्रता सामना होता. पेनल्टी क्षेत्रात चेंडू नीलच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली आणि ती मारली सिमोन्सेनने, रोममध्ये बरोबरी करणाऱ्या त्याच सिमोन्सेनने. इंग्लंड ०-१ ने हरले आणि पुढे पात्र ठरू शकले नाही. नीलचा तो पन्नासावा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. तीनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, सलग ४१७ सामन्यांची मालिकाही दुखापतीमुळे थांबली. बत्तीस वर्षांच्या बचावपटूसाठी असा आठवडा म्हणजे कारकिर्दीचा शेवट मानायला पुरेसा होता. वर सांगितलेला रोममधील गोल आणि तो शूटआउटमधील फटका हे या आठवड्यानंतर आठ महिन्यांनी आले, हा क्रम मनात ठेवून ते पुन्हा पाहावेत.

नंतरचे थोडक्यात सांगतो. ग्रेम सूनेस इटलीला गेल्यावर १९८४-८५ मध्ये नील कर्णधार झाला, आणि त्याच्या वाट्याला २९ मे १९८५ चा, ब्रसेल्समधील हेझेल स्टेडियमवरचा भयंकर दिवस आला. अंतिम सामन्यापूर्वी ३९ माणसे मरण पावली, आणि नील व युव्हेंटसचा कर्णधार गाएतानो शिरेआ यांना ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना शांततेचे आवाहन करावे लागले. त्या सामन्यातील खेळाविषयी लिहिण्याची माझी इच्छा नाही. डिसेंबर १९८५ मध्ये तो खेळाडू-व्यवस्थापक म्हणून बोल्टन वाँडरर्सकडे गेला. त्याच्या लीग विजेतेपदांची संख्या आठ सांगितली जाते. त्यांतील शेवटचे ज्या हंगामाच्या मध्यावर त्याने क्लब सोडला त्या हंगामाचे आहे. एफए कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. बोल्टन १९८७ मध्ये त्यांच्या इतिहासात प्रथमच चौथ्या विभागात घसरले, पुढच्याच वर्षी वर आले आणि १९८९ मध्ये त्यांनी वेम्बलीवर टॉर्की युनायटेडला ४-१ ने हरवून शेर्पा व्हॅन ट्रॉफी ही खालच्या विभागांतील क्लबांची स्पर्धा जिंकली.

नीलबरोबर आणखी कोणाला पाहायचे असेल तर मी दोन नावे सुचवीन. पहिला डेनिस अर्विन, कॉर्कचा आयरिश खेळाडू, मँचेस्टर युनायटेडसाठी १९९० ते २००२ या काळात ५२९ सामने आणि ३३ गोल. उजव्या पायाने खेळणारा लेफ्ट बॅक असूनही त्याची बाजू कधी उघडी पडली असे वाटत नसे. दुसरा एव्हर्टनचा लेटन बेन्स, ४२० सामने आणि ३९ गोल. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध एकाच सामन्यात त्याने दोन फ्री किकवर गोल केले, ते दोन फटके धाव, पावलांची संख्या आणि आधाराच्या पायाची जागा मोजत पाहावेत. अर्विनच्या काळात, १९९२ पासून, गोलरक्षकाला सहकाऱ्याने पायाने दिलेला पास हातात घेण्यास बंदी आली. नीलला क्लेमन्सकडे चेंडू परत देऊन दबाव सोडवता येई, ती सोय अर्विनला उरली नव्हती. त्यामुळे दोघांची तुलना करताना दबावाखाली चेंडू कसा सोडवला, एवढे एक अंग वेगळे ठेवावे.

राहिला तिसरा प्रश्न : पेनल्टी मागून घ्यावी का? होय, मागावी, पण सामन्यात चेंडू जागेवर ठेवलेला असताना कधीच मागू नये. सहकाऱ्याच्या हातातून चेंडू ओढणारा खेळाडू मला चालत नाही. सराव संपल्यावर, पाय थकलेले असताना, रोज दहा पेनल्टी मारा. कोपरा धाव सुरू करण्यापूर्वी ठरवा आणि गोलरक्षक हलला तरी बदलू नका. किती गेल्या आणि किती अडवल्या गेल्या हे तारखेसह लिहून ठेवा. दोन महिन्यांनी ती वही प्रशिक्षकांना दाखवा आणि सांगा की नेहमीचा खेळाडू मैदानात नसेल त्या दिवशी मला विचारावे. अर्थात त्या दिवशी तुम्ही संघात असायला हवे, म्हणून पेनल्टीच्या दहा फटक्यांआधी मांडीच्या आणि जांघेच्या स्नायूंचे व्यायाम रोज पूर्ण करा.